आमच्या बाजारात मीठ फुकट

आमच्या गेममध्ये मासळी सडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईनं आडवळण घेतलं. मासळी उरते, नरम पडते, संध्याकाळी स्वस्तात जाते, एखादा बांगडा मांजर पळवतं. पण सडत नाही. एवढी एक गोष्ट तशीच राहावी म्हणून मी एका मोठ्या कंपनीशी भांडले, माझ्या मैत्रिणीशी भांडले आणि आईशी तर इतकी भांडले की खालच्या कारखान्यातली माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. मला त्याचं काही वाटलं नाही. आवाज चढवल्याशिवाय बोलणं पोचत नाही, अशीच आमच्या घरात समजूत आहे.

मी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. वडील बोटीवर असायचे आणि आई जवळच्या ‘होळी’ नावाच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. मी शिकले, मुंबईत कॉम्प्युटरची नोकरी धरली आणि बरीच वर्षं दुसऱ्यांच्या ॲपमधली बटणं डावीकडून उजवीकडे सरकवून दिली. मग एक दिवस एका साहेबानं तेच बटण परत डावीकडे न्यायला सांगितलं आणि मी राजीनामा दिला. भुईगावची एक मैत्रीण आहे, शाळेपासूनची. ती चित्रं काढते. चर्चच्या सणांचे पडदे रंगवता रंगवता शिकली. स्वभाव माझ्या अगदी उलट. मी तावातावानं बोलत असते तेव्हा ती पेन्सिलीला टोक काढत असते. आम्ही दोघींनी सातिवलीला एका गाळ्याचा पोटमाळा भाड्यानं घेतला. खाली पुठ्ठ्याची खोकी बनायची. मशीन सुरू असलं की आमच्या टेबलावरचा चहा थरथरायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत ते थांबलं की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं.

तिथं बसून आम्ही आईचा बाजार बनवला. कॉम्प्युटरवर खेळायचा साधा गेम. सकाळी बोट लागते, तुम्ही मासळी घेता, पाटी भरून बाजारात येऊन बसता. वाटे लावता, म्हणजे मासळीचे लहान लहान ढीग मांडता. गिऱ्हाईक येतं, तुम्ही भाव सांगता, ते नाक मुरडतं, तुम्ही थोडं उतरता, ते वर काहीतरी मागतं, तुम्ही वाट्यावर एक मांदेली जास्तीची टाकता. उरलेल्याला मीठ लावून घरी काठ्यांवर वाळत घालायचं. पावसाळ्यात बोटी बंद असतात, तेव्हा तीच सुकी मासळी विकून दिवस काढायचे. पाऊस उघडतो, समुद्राला नारळ सोडतात, बोटी पाण्यात जातात आणि गेम संपतो. एका दुपारी खेळून होतो.

त्यातला सगळा आवाज आईचा आहे. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिचा बाजार सुटला होता. बसायची जागा दुसरीनं धरली, पाट्या माळ्यावर गेल्या आणि आई घरात बसून टीव्हीतल्या बायकांशी वाद घालायला लागली. रेकॉर्डिंगसाठी मी तिला फक्त म्हटलं, समोर गिऱ्हाईक आहे असं समज. तिनं पदर खोचला आणि न थांबता बोलत सुटली. मला नंतर तास न् तास बसून त्यातल्या शिव्या कापाव्या लागल्या, आणि काही शिव्या इतक्या चांगल्या होत्या की कापताना जिवावर आलं.

बाजाराचे नियम मला तिनंच शिकवले होते. शाळेला सुट्टी असली की मी तिच्या पाटीमागे बसायची. एकदा मी नाक धरून म्हटलं, आई, याला घाण वास येतोय. तिनं मला तिथंच मिठाच्या पाण्यानं चूळ भरायला लावली. मासळीला नरम म्हणायचं, कालची म्हणायचं, सुकवायची म्हणायचं. दुसरीच्या मासळीला हवं ते म्हणावं, भांडण रंगलं असेल तर तिच्या नवऱ्यालाही म्हणावं. पण स्वतःच्या मासळीला स्वतःच्या तोंडानं वाईट शब्द नाही. तो शब्द पाटीवर बसतो आणि मग उठत नाही, असं बाजारातल्या बाया सांगत. खरं-खोटं मला माहीत नाही. त्या चुळीची चव मात्र अजून जिभेवर आहे.

गेम झाला, आता विकायचा. पूर्वी गेम डबीत घालून काचेच्या कपाटात मांडत. आता डबी गेली आणि दुकान इंटरनेटवर गेलं. थोडी फी भरायची, आपली जागा घ्यायची, चित्रं लावायची, भाव टाकायचा. कुणी विकत घेतलं की शंभरातले तीस दुकानाचे. उरलेल्यातून कर, बँकेची कापाकापी, आणि मग जे राहील ते आपलं. होळीच्या बाजारात जागेची पावती फाडायला माणूस यायचा तेव्हा आई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि ती पावती मांदेलीच्या एका वाट्याइतकीही नसायची. इथं तीन पापलेटांतलं जवळजवळ एक दुकानाच्या घशात. मैत्रीण म्हणाली, अगं, ते जागा देतात, पैसे गोळा करतात, ब्राझीलमधला माणूस आपला गेम उतरवून घेतो तो त्यांच्याच यंत्रांवरून. खोटं कशाला बोलू, तिचं बरोबर होतं. सातिवलीत बसून ब्राझीलला मांदेली विकायची तर मधे कुणीतरी पाटी वाहणार, आणि तो फुकट वाहणार नाही. पावतीचा राग मी गिळला.

पहिली चूक मात्र आमचीच, आणि ती कोळणीच्या पोरीनंच करावी अशी. भाव काय टाकू म्हणून मी आईला विचारलं. तिनं सांगितलं की पहिला भाव दुप्पट सांगायचा, गिऱ्हाईक आपोआप निम्म्यावर आणतं. मला ते इतकं सरळ वाटलं की मनातल्या भावाच्या दुप्पट आकडा टाकून मी मोकळी झाले आणि घासाघीस कधी सुरू होते त्याची वाट पाहत बसले. कॉम्प्युटरच्या पदवीसकट बसले. मैत्रिणीलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. भुईगावातही पहिला भाव म्हणजे नुसती सुरुवात. पण त्या दुकानात गिऱ्हाइकाला तोंडच नाही. ते भाव बघतं आणि पुढे जातं. दोघा-तिघांनी लिहिलं की गेम छान दिसतो पण महाग आहे. मी हुरळून गेले, आता बोलणी सुरू झाली असं मला वाटलं, आणि मी प्रत्येकाला खाली उत्तर दिलं, तुम्ही काय द्याल ते बोला. कुणी बोललं नाही.

घासाघीस तिथंही आहे, पण ती गिऱ्हाइकाच्या वतीनं दुकान करतं. सणासुदीला सगळ्या दुकानाचा सेल लागतो. भाव उतरवलात तर तुम्ही पुढच्या पानावर, नाही उतरवलात तर तळाशी. गिऱ्हाईक हुशार झालंय. ते गेम ‘नंतर घेऊ’ म्हणून बाजूला ठेवतं आणि सेलची वाट बघत बसतं. एकाचा भाव पडला तरी दुकानाचं काही अडत नाही, कारण त्याच गर्दीत शंभर जणांचा माल खपतो आणि प्रत्येकातले तीस त्याच्याकडे येतात. शिवाय ठरावीक वेळेत गेम परत करता येतो, पूर्ण पैसे परत. विकलेली मासळी परत घेणारा बाजार मी पहिल्यांदाच पाहिला. आमचा गेम एका दुपारचा, त्यामुळे काही लोक भरपेट जेवून ताट परत करायचे. एकानं लिहिलं होतं, शेवट बघून डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच संध्याकाळी गेम परत केला.

तरीही भाव जागेवर आणल्यावर गेम विकला जायला लागला. गाजराची पुंगी म्हणून हातात घेतली होती, ती वाजली. पोटमाळ्याचं भाडं सुटायचं, आम्हा दोघींचं बरं चालायचं, आणि कुठल्या कुठल्या देशांतले लोक मांदेली म्हणजे काय ते विचारायचे. मी एवढ्यावर खूश होते.

त्याच सुमारास त्या कंपनीचा फोन आला. मोबाइलवरचे गेम काढणारी कंपनी, ऑफिस मुंबईत. बोलणारा माणूस तिशीतला, मराठीच, गोड बोलणारा. मला मॅम म्हणायचा. तुमचा बाजार आम्ही मोबाइलवर नेतो, म्हणाला, दहा भाषांत नेतो. आम्हाला एक रक्कम मिळणार होती आणि पुढच्या कमाईत वाटा. मी विचारलं, भाव काय ठेवणार? तो म्हणाला, फ्री, मॅम. मोबाइलवर पैसे देऊन गेम कोण घेतो?

मग फुकटातून पैसा कसा निघतो ते त्यानं मला समजावलं, आणि चांगलं समजावलं. गेम फुकट उतरवू द्यायचा. आत एक खोटं नाणं असतं, त्यांनी आमच्यासाठी त्याचं नाव मोती ठेवलं होतं. खऱ्या पैशांनी मोती घ्यायचे आणि मोत्यांनी वस्तू. मोती सुटे मिळत नाहीत, पुडक्यातच मिळतात, आणि वस्तूला जेवढे लागतात तेवढ्याचं पुडकं मुद्दामच नसतं. एकतर कमी पडतात नाहीतर थोडे उरतात, आणि उरलेले वाया जाऊ नयेत म्हणून माणूस आणखी एक पुडकं घेतो. बहुतेक लोक कधीच काही विकत घेत नाहीत. त्यांना जाहिराती दाखवायच्या. थोडे लोक मात्र घेत सुटतात, आणि त्या थोड्यांच्या जिवावर बाकीचं सगळं चालतं. या धंद्यात त्यांना व्हेल म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे देवमासा? तो हसून म्हणाला, हो मॅम, तुमच्या थीमला एकदम फिट. आमच्याकडे देवमासा किनाऱ्याला लागला तर बायका त्याला हळदकुंकू वाहतात आणि पुरुष त्याला पाण्यात ढकलायला बघतात. त्याच्यात किलो किती निघेल असं कुणी विचारत नाही. मी हे त्याला सांगितलं नाही, पण माझं डोकं तिथंच तापायला लागलं.

मोबाइलचं दुकानही त्या प्रत्येक पुडक्यातला आपला हिस्सा कापतं. आमच्यासारखा गेम एकदा विकला की दुकानाला एकदाच मिळतं. फुकट गेममधलं पाकीट रोज उघडतं, म्हणून दुकान त्यालाच पुढच्या पानावर मानानं बसवतं. मी हे ऐकून घेतलं आणि म्हटलं, आधी करून दाखवा, मग बोलू.

काही आठवड्यांनी त्यांनी नमुना पाठवला. दिसायला झकास. मैत्रिणीच्या पापलेटाला त्यांनी अशी चमक दिली होती की ती फोन हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. मी पाटी मांडली, थोडी मासळी विकली, फोन पर्समध्ये टाकला आणि रिक्षानं घरी जेवायला गेले. जेवून परत उघडला तर वाट्यांवर हिरवट धूर, माशा घोंगावताहेत, आणि कोपऱ्यात एक घड्याळ उलटं चाललंय. मासळी सडत होती. मी रिक्षात होते तेव्हाही सडत होती, मी भाताला आमटी घालत होते तेव्हाही सडत होती. वाचवायची तर बर्फाची लादी घ्या, आणि लादी मोत्यांनी. सुरुवातीच्या लाद्या फुकट होत्या, चटक लागायला. मी म्हटलं, गेला बर्फ खड्ड्यात, मीठ लावू. मीठ शोधलं. मीठ नव्हतं. वाळत घालायच्या काठ्या नव्हत्या, आणि पावसाळाही नव्हता.

मी फोन लावला आणि विचारलं, मीठ कुठं गेलं?

“मीठ काढावं लागलं, मॅम,” तो म्हणाला. “मीठ असलं की बर्फ कुणी घेत नाही.”

त्याचं एक मानलं पाहिजे, तो खोटं बोलला नाही. आमच्या गेममध्येही बर्फ होता, पण तो गेममधल्याच कमाईतून यायचा, आणि कमाई नसेल त्या दिवशी मीठ. मिठागरं आमच्या दारात. कोळ्याच्या घरात दुसरं काही नसलं तरी मीठ असतं. या लोकांनी आमचा बाजार उचलला, पाटी उचलली, आवाज उचलला, आणि हात रिकामा असलेल्या माणसाला जो एक उपाय होता तो तेवढा काढून टाकला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी मैत्रिणीला सांगून टाकलं की हे होणार नाही.

ती पेन्सिलीला टोक काढत होती. म्हणाली, बाजार अर्धा माझाही आहे. तुझ्या रागावर माझं घर चालत नाही. आणि आवाज तर तुझ्या आईचा आहे, तिला विचारलंस? मी विचारलं नव्हतं. मला खात्री होती की आई माझ्याहून जास्त भडकेल. मी तिथल्या तिथं फोन लावला आणि मैत्रिणीला ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

आई भडकली नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मंग बिघडलं कुठं? बर्फवाला मला काय फुकट देत होता? मी म्हटलं, आई, हे लोकांना लुबाडणं आहे. ती म्हणाली, बाजारात कोण कोणाला सोडतं, तू दुप्पट भाव लावला होतास तो काय धर्म होता? मी ओरडले, तीही ओरडली. नेमकी जेवणाची सुट्टी होती, मशीन बंद होतं, आणि खोकी बनवणारी माणसं डबे हातात घेऊन जिन्यात उभी राहून आमचं ऐकत होती. मी म्हटलं, त्यांनी मीठ काढलंय, आई. ती म्हणाली, गेमात कोण मीठ खातंय.  आणि मग तिनं एकदम वेगळ्याच आवाजात विचारलं:

“सगल्यांच्या फोनात माजा आवाज जाईल ना?”

मी म्हटलं, जाईल.

“मंग दे ना गो. मी हितं बसून कोनाला आवाज देऊ?”

 देवमाशावर, मोत्यांवर, मिठावर मी पाठ केलेलं भाषण होतं, ते तसंच राहिलं. तिला तिचा बाजार परत हवा होता. बाजार मिळतोय म्हटल्यावर बर्फ कुणाचा आणि मीठ कुणाचं हे ती कशाला बघेल? मी मैत्रिणीला म्हटलं, ठीक आहे, त्यांना काही नवीन वाक्यं हवी आहेत, ती आईकडून घेऊ. मग सही करू. हे बोलताना मला स्वतःचाच राग येत होता.

रेकॉर्डिंगला आई अशी आली जणू एकविरेच्या जत्रेला निघालीय. ठेवणीतली साडी, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, गळ्यातलं सोनं. लोखंडी जिना तिला एका दमात चढवेना. एकेका पायरीवर थांबत, कठड्याला आणि मैत्रिणीच्या खांद्याला धरत ती वर आली आणि बसल्या बसल्या विचारलं, मालक कुठं हाय? तो माणूस लॅपटॉपवर व्हिडिओत होता. त्यानं नमस्कार केला, तिला आंटी म्हणाला, तिच्या आवाजाचं कौतुक केलं. ते ऐकून आई खुलली. खालचं मशीन बंद झालं तसा मी माइक सुरू केला. जेवणाची सुट्टी संपायच्या आत उरकायचं होतं.

पहिलं वाक्य, ये बाय ये, ताजी मासली हाय. ते तिनं तीन वेगवेगळ्या चालींत म्हटलं आणि तिन्ही त्याला आवडल्या. दुसरं, थोडा बर्फ घालून ठेव गो. तेही झालं. आईला वाचता येतं पण चष्मा आणला नव्हता, म्हणून वाक्यं तोच वाचून दाखवत होता. तिसरं त्यानं वाचलं: अगो बाई, माझी मासळी सडली, लवकर बर्फ घे.

आईनं त्याला परत वाचायला सांगितलं. त्यानं वाचलं.

“हे कोन बोलनार?”

“तुम्हीच, आंटी.”

“माजी मासली सडली, असं मी बोलू?”

तो हसला. त्याला वाटलं तिला शब्द अवघड जातोय. म्हणाला, तुमच्या भाषेत बोला, हवं तसं बोला, फक्त सडली हा शब्द पाहिजे, कारण त्या शब्दावर लोक बटण दाबतात.  आईचे हात मांडीवर होते, आणि मला दिसलं की तिनं अंगठा मुठीत धरलाय. माझ्या लहानपणी पाटीजवळ कुणी काही वंगाळ बोललं की ती असाच धरायची.

“फक्त ॲक्टिंग आहे, आंटी,” तो म्हणाला. “खरी मासळी थोडीच आहे?”

“मासली खोटी असंल,” आई म्हणाली. “तोंड माजं खरं हाय.”

 सौदा हवा होता तो आईला, मला नाही. तिनं देवमाशाचा विचार केला नव्हता, गिऱ्हाइकाच्या पाकिटाचा केला नव्हता, मिठाचाही नाही. तिला एवढंच कळत होतं की बाजारात बसलेली बाई हे बोलत नाही, आणि त्यापुढे तिला दहा भाषाही नको होत्या. माझ्या सगळ्या युक्तिवादांना जे जमलं नव्हतं ते त्या जुन्या धाकानं केलं.

तो माणूस मात्र जराही नाराज झाला नाही. अगदी मायेनं म्हणाला, नो प्रॉब्लेम आंटी, तुम्ही त्रास घेऊ नका. तुमचा एवढा आवाज आहे आपल्याकडे. त्यावरून कॉम्प्युटर ही लाइन बोलून टाकेल, कुणाला फरक कळणार पण नाही.

आईनं माझ्याकडे वळून विचारलं, “म्हंजे मी नाय बोलली तरी मी बोलनार?”

त्यानंतर मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आईच्या रेकॉर्डिंगमधून ज्या शिव्या मी कापल्या होत्या त्या सगळ्या मला पाठ होत्या, आणि त्या दिवशी एकही वाया गेली नाही. तिचा आवाज कॉम्प्युटरला लावून बघ, म्हटलं, मग तुला खरा बाजार दाखवते. तो मॅम, मॅम करत होता. आई कौतुकानं ऐकत होती. मधे एका ठिकाणी तिनं मला एक शब्द सुचवलाही. आणि मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा माझी शांत मैत्रीण, जिला हा सौदा हवा होता, जिनं सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं, ती उठली आणि तिनं लॅपटॉपचं झाकण खाली केलं. परत बसून पेन्सिल हातात घेतली. म्हणाली, मीठ ठेवू आपण.

खाली मशीन सुरू झालं.  मग आई गुडघ्यावर हात टेकून उठली, गजरा सारखा केला आणि आम्हा दोघींना म्हणाली, चला, बस झालं आता, घरी जावा. मासली उद्या पन हाय.

माइक सुरूच राहिला होता. हे मला संध्याकाळी कळलं. मागे मशीनची घरघर आहे, पण आईचं ते शेवटचं वाक्य स्वच्छ ऐकू येतं.

आम्ही कंपनीला नकार दिला, आवाजाची एक ओळही वापरायची नाही असं लेखी कळवलं. कंपनीनं पुढे स्वतःचा मासळीबाजार काढला. त्यात दुसरीच कुणीतरी बाई बोलते आणि मासळी सडते. फुकट आहे, जोरात चालतो, दुकानानं त्याला पहिल्या पानावर बसवलंय. बसू दे. दुकान आमच्यातले तीस कापतं, तेही कापू दे. पण सेल आम्ही आमचा लावतो. दुकानाची पत्रं येतात, अमुक सणाला उतरवा, तमुक सणाला उतरवा. आम्ही नारळी पौर्णिमेला उतरवतो, बोटी पाण्यात जातात त्या दिवशी, आणि एरवी गिऱ्हाइकानं कितीही नाक मुरडलं तरी नाही. गेमच्या पानावर पहिलंच वाक्य मी लिहिलंय की या बाजारात मीठ फुकट आहे. एका जाणकारानं मला सांगितलं की अशानं कुणी पैसे खर्च करणार नाही. मी त्याला म्हटलं, तुम्ही काय द्याल ते बोला.

आणि आणखी एक केलं. या धंद्यातला पहिला धडा म्हणजे आलेल्या माणसाला जाऊ द्यायचं नाही. तो निघाला की बक्षीस दाखवा, घड्याळ दाखवा, काहीही करून बसवून ठेवा. आमच्या गेममध्ये बाहेर पडायचं बटण दाबलं की आईचा तो आवाज येतो, मशीनच्या घरघरीसकट.

तिला मी एक टॅबलेट घेऊन त्यावर आमचा गेम घालून दिलाय. दुपारी जेवणं झाली की ती तो मांडीवर घेते, पदर खोचते आणि पाटी मांडते. गिऱ्हाइकांची वाक्यं ठरलेली आहेत, तिची नाहीत. ती त्यांना अशी उत्तरं देते की बिचाऱ्यांना पुढचं वाक्य असतं तर त्यांनी गेम सोडून दिला असता. उरलेल्याला मीठ लावते, काठीवर घालते, मग बाहेर पडायचं बटण दाबते. बस झालं आता, घरी जावा, तिचाच आवाज तिला सांगतो, मासली उद्या पन हाय.

“जाते ना,” आई म्हणते, आणि टॅबलेट बाजूला ठेवून आधी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुते.